लाकडी घरातला शेक

त्या घरात मी पहिल्या दिवसापासून जीव मुठीत धरून राहिले, आणि कशाला घाबरायचं ते मात्र साफ चुकलं.

साठचं दशक संपत आलं होतं. आमच्या डॉक्टरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला (मी त्यांना असंच म्हणते, निम्मं कौतुकानं, निम्मं रागानं), एडिनबराहून बसने तासाभरावरच्या एका बंदराच्या गावात हॉस्पिटलची नोकरी मिळाली. त्याआधी आम्ही लीड्सला होतो. लीड्सच्या खोलीत माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. त्या खोलीतून ट्रंका बाहेर काढताना मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आता पुन्हा दिवस गेले होते, आणि हे बाळ जगावं, एवढं एकच मागणं मी उठताबसता देवाकडे मागत होते.

गावातली सगळी घरं दगडी, धुरानं काळवंडलेली. आमचंच तेवढं नखशिखांत लाकडाचं. नॉर्वेहून आलेल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं ते बांधलं होतं. त्याच्या देशातला या बंदरात कायमचं बिऱ्हाड करणारा तो पहिला माणूस. बाकीचे त्याच्या मागून आले म्हणे. घरमालकीण त्याची नात. सत्तरीची, शिडशिडीत, कायम एका राखाडी कार्डिगनमध्ये. ती खाली राहायची, आम्ही वरच्या दोन खोल्यांत. तिनं पहिल्याच दिवशी भिंतीवरचे कोरलेले आकडे दाखवले. आजोबांनी तिकडेच ओंडके तासले, प्रत्येकावर आकडा घातला, जहाजातून आणले आणि इथे आकड्याला आकडा जुळवून घर उभं केलं. ओंडक्यांच्या मध्ये सुकं शेवाळ ठासून भरलेलं. सुई जाईल एवढी फट सापडणार नाही, असं ती अभिमानानं सांगायची. कौन्सिलचे लोक मधूनच येऊन फोटो काढायचे आणि ऐतिहासिक ऐतिहासिक म्हणायचे. मला काय करायचाय कप्पाळ तो इतिहास! मला दिसत होती ती रचून ठेवलेली होळी, आणि तिच्यात आम्ही राहणार होतो.

थंडी वाढली की ते ओंडके कडाड् करून बोलायचे. रात्रीबेरात्री नाही, चांगलं लख्ख उजाडलेलं असताना. मी कणीक मळत असायची आणि मागून भिंत कडाडायची. काळजाचा ठोकाच चुकायचा. डॉक्टर म्हणायचे, "अगं, लाकूड आहे, आकसतं." यांना काय जातंय सांगायला, हे दिवसभर हॉस्पिटलात!

त्याहून वाईट होती ती शीळ. प्रत्येक खोलीत छताजवळ भिंतीला वीतभर भोक होतं, त्याला सरकती फळी. घरमालकिणीनं बजावलं होतं, "ही फळी कधीही बंद करायची नाही. घर इतकं घट्ट आहे की हवेला दुसरी वाट नाही. आजोबा रोज सकाळी खोल्याखोल्यांतून जाऊन स्वतः बघायचे." मी "यस, यस" म्हटलं. पण समुद्रावरचा वारा सुटला की त्या भोकातून असा काही आवाज यायचा की कोणी बाई पलीकडे कण्हत पडली आहे. सातवा महिना लागला आणि तो आवाज मला सोसवेना. लीड्सला मीच तशी कण्हत पडले होते. एका सकाळी खुर्चीवर चढले, डॉक्टरांचे दोन जुने लोकरी मोजे वर्तमानपत्रात गुंडाळून झोपायच्या खोलीतल्या भोकात कोंबले आणि वरून फळी ओढली. शीळ थांबली. पोटाला हात लावून किती तरी वेळ खाली बसून राहिले. कोणाला म्हणून सांगितलं नाही.

माझी आई नव्हती, म्हणून आठव्या महिन्यात पुण्याहून सासूबाई आल्या. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं, इतका त्यांचा दरारा. आल्या त्या नऊवारीवर डॉक्टरांचा ओव्हरकोट चढवून बसमधून उतरल्या. ट्रंकेत डिंक, खारीक, अळीव, वेखंड, बाळंतशोपा, आणि सगळ्यात खाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली लोखंडाची शेगडी! डॉक्टरांनी ती बघितली आणि डोक्याला हात लावला.

"आई, शेकशेगडीचं नाव काढायचं नाही. लाकडी घर आहे हे. एक ठिणगी पडली तर आपण सगळे जाऊ."

"बरं बाबा," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चार बाळंतपणं याच्या बापाच्या घरात केली मी. हा शिकवतोय मला!"

मुलगी झाली. लहानशी, पण आवाज असा की वॉर्डातल्या नर्सा हसायच्या. दहाव्या दिवशी घरी आलो आणि डॉक्टर ड्यूटीवर गेले की आमचा चोरटा कारभार सुरू झाला. बाहेरच्या खोलीत मोठा लोखंडी स्टोव्ह होता, कोळशाचा. सासूबाई त्यातले फुललेले निखारे चिमट्यानं शेगडीत घ्यायच्या. मला तेल लावून, आंघोळ घालून, कानात कापूस, डोक्याला स्कार्फ, आणि स्टोव्हजवळच्या कोचावर आडवं करून खाली शेगडी. मग बाळाला आंघोळ, आणि निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी. पोरगी धुरीला अशी भोकाड पसरायची की मला खालची घरमालकीण वर येईल याचीच धास्ती. दोन बादल्या पाणी भरून मी उशाशी ठेवायची. ठिणगी उडाली की ओतायचं! निखाऱ्यांवरची नजर म्हणून हलवायची नाही. आहे की नाही शहाणी?

चौथ्या दिवशी बर्फाचं वादळ झालं. बाहेरच्या खोलीची खिडकी मोठी, तिच्यातून गारठा आत यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "आज आतच घेऊ शेक. ओल्या बाळंतिणीला वारा लागला तर जन्मभर कंबर धरून बसशील." आत म्हणजे झोपायच्या खोलीत. शेगडी पत्र्याच्या ट्रेवर ठेवून पलंगाखाली सरकवली. थंडी म्हणून निखारेही रोजच्या दुप्पट घेतले. दार लावून खालच्या फटीला त्यांनी जुनं लुगडं लावलं. माझ्या अंगाशी बाळ, पायाशी त्या. काय छान ऊब आली हो! मुंबईहून बोटीत बसल्यापासून पहिल्यांदा मला कुठेतरी घरात असल्यासारखं वाटलं.

मी वाकून निखारे बघत होते. धूर नाही, ठिणगी नाही. तांबडेलाल, अगदी शहाण्यासारखे जळत होते. थोड्या वेळानं डोकं दुखायला लागलं. बाळंतपणाचा अशक्तपणा, असं मनात म्हटलं. बाळानं आज धुरीलासुद्धा दोनदा कुरकुर केली आणि गप्प झालं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "चांगला शेक लागला की कसं निवांत झोपतं पोर. आणि गाल बघ कसे गुलाबी झालेत, इथल्या मुलांसारखे."

मी बघितलं. खरंच गुलाबी. मला बरं वाटलं. माझी पोर मरत होती आणि मला तिचे गाल बघून बरं वाटत होतं.

मग सासूबाई काही तरी बोलता बोलता थांबल्या. मान भिंतीला टेकली. मला वाटलं, दमल्या, वय झालंय. उठून त्यांच्या अंगावर पांघरूण घालावं म्हणून पाय हलवायला गेले तर पाय माझे नव्हतेच. हात उचलेना. बाळाकडे वळायचं होतं, मान वळेना. काही तरी भयंकर होतंय एवढं कळलं, पण काय, ते कळेना. आग तर नाही! पाण्याच्या बादल्या जागेवर आहेत! मी ओरडले, आणि ते ओरडणं माझ्या तोंडाबाहेर आलंच नाही.

घरमालकीण वर आली ती बाळासाठी विणलेली टोपी घेऊन. दार वाजवलेलं मी ऐकलं. मग थांबली. जाईल आता ही, असं मला वाटलं. ती गेली नाही. रोज रडणारं पोर आज रडत नाही म्हणून तिला चैन पडेना, हे तिनं नंतर सांगितलं. तिनं दार ढकललं, लुगड्याला अडलं, खांद्यानं ढकललं. आत पाऊल टाकलं आणि एकदा वर त्या भोकाकडे बघितलं. मग तिनं खिडकी सताड उघडली, बाळाला उचललं आणि जिन्यावरून धावत थेट बाहेर बर्फात गेली.

एवढ्या वेळानं माझ्या घशातून शब्द फुटला, तो काय, तर "वारा!" पोरीला वारा लागेल!

खालून काही ऐकू येईना. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मी गार हवेत पडून फक्त ऐकत होते. लीड्सला बाळ बाहेर आलं तेव्हाही मी अशीच कान देऊन पडले होते, आणि काही ऐकू आलं नव्हतं. देवा, या वेळी नको. या वेळी मला ने. आणि मग खालून रडणं आलं. बारीक, तुटक, मांजरीच्या पिल्लासारखं, पण आलं.

अ‍ॅम्ब्युलन्सनं आम्हाला तिघींना आमच्या डॉक्टरांच्याच हॉस्पिटलात नेलं. सासूबाईंना आणि मला ऑक्सिजन दिला, दुसऱ्या दिवशी सोडलं. बाळाला आठवडाभर ठेवून घेतलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचलाय, पण कोंडलेल्या निखाऱ्यांच्या विषारी वायूनं मेंदूला काही झालंय का, ते आत्ता कळणार नाही. ती माणसाकडे बघून हसते का, त्याची वाट बघा. महिना, दीड महिना. कोणाचंही तान्हं बाळ हसतं, त्यात काय मोठंसं. मी मात्र दिवसातून पन्नास वेळा तिच्या तोंडाशी तोंड नेत होते, आणि ती माझ्यातून आरपार बघत होती.

हॉस्पिटलातून आम्ही घरी आलो त्या दुपारी डॉक्टर खुर्चीवर चढले. फळी सरकवली, मोजे बाहेर ओढले. स्वतःचे मोजे त्यांनी ओळखले. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा पांढराफटक.

"हे कोणी कोंबलं?"

पहिलं मी घालवलं, आता हेही मीच... हे त्यांच्या तोंडून ऐकायचं, या विचारानंच माझं अंग गार पडलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

त्या यायच्या आधी महिनाभर ते मोजे तिथे होते. हे त्यांना माहीत होतं, कारण आल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, सगळ्या खोल्यांत वारा शीळ घालतो, या खोलीत का नाही? मी विषय बदलला होता. त्यांनी आता माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर आईवर ओरडले. अडाणी म्हणाले. माझी पोरगी मारायला आली होतीस का, असंही म्हणाले. त्या ऐकत उभ्या राहिल्या. मी पलंगावर बसून स्कार्फची गाठ सोडत होते, बांधत होते.

त्यानंतर त्यांनी बाळाला हात लावला नाही. कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला आंघोळ घालायची तेव्हा दाराबाहेर उभ्या राहून सांगायच्या, "मान धर. कोपराखालून पाणी घाल." पण उंबरठ्याच्या आत पाऊल नाही. शेगडी त्यांनी घरमालकिणीला देऊन टाकली, कोळसे ठेवायला. डॉक्टरांनी तिकीट अलीकडे आणलं. सहा महिने राहायला आल्या होत्या, पोर पाच आठवड्यांची असतानाच निघाल्या.

पोरगी हसली, सातव्या आठवड्यात, घरमालकिणीच्या कार्डिगनच्या बटणाकडे बघून. आता ती स्वतः दोन मुलांची आई आहे आणि माझ्याशी कडाकडा भांडते. पण त्या निघाल्या तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. पोर कशी निघणार, कुणाला ठाऊक नव्हतं.

एडिनबराच्या स्टेशनवर गाडी लागली होती. डॉक्टर त्यांना लंडनपर्यंत पोचवायला जाणार होते. सामान आत ठेवून ते प्लॅटफॉर्मवर आले, आमच्याशेजारी उभे राहिले. गार्ड दारं लावत येत होता. सासूबाई माझ्याजवळ आल्या. ज्यांच्यापुढे मी कधी मान वर केली नाही, त्या माझ्यापुढे खाली बघत होत्या. ओव्हरकोटाच्या बाहीतून बोटं अर्धवट बाहेर काढून त्यांनी हळूच विचारलं, "हात लावू का गं तिला?"

मी तोंड उघडलं. मोजे मी कोंबले, एवढंच म्हणायचं होतं. डॉक्टर हातभर अंतरावर उभे होते.

"लावा ना, आई," मी म्हणाले. आणखी काही म्हणाले नाही.