कंठी

गोंदियाच्या डाकबंगल्यावर मी कारकून होतो, तेव्हाचा तिथला खानसामा. उंच, वाकलेला, गळ्यात कबीरपंथाची कंठी. दारूचा थेंब त्यानं कधी जिभेला लावला नाही. मायदेशी परत जाताना एक गोरा साहेब पुढच्या मोठ्या साहेबासाठी शार्दोने या पांढऱ्या वाइनची एक बाटली त्याच्या हवाली करून गेला होता. थंड मुलखातल्या द्राक्षांची, ओकच्या पिंपात मुरवलेली. उन्हाळाभर तो तिला ओलं पोतं गुंडाळायचा आणि मला दटावायचा, "हळू बोला बाबूजी, ते झोपून राहिली."

एका दुपारी तो बाजारात गेला, तेव्हा मी ती अर्धी प्यालो, वर मोहाची ओतली आणि बूच ठोकून लाख लावली.

मोठे साहेब आले. खानसाम्यानं बूच काढून नाकाशी धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. साहेब एक घोट घेऊन ओरडले, "कोणी प्यायली ही?"

मी खाली मान घातली. खानसाम्यानं सावकाश कंठी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मीच पेलो, साहेब."

त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. मी कंठी घेऊन फाटकापर्यंत धावलो.

"असं काऊन केलंत? आणि ही काऊन काढली?"

"तुमचे लेकरं लहान हायेत बाबूजी. आन् कंठी घालून खोटं कसा बोलू?"

मी कंठी पुढे केली. त्यानं हात मागे घेतला. "आता माही नाई राहिली ते."

ती अजून माझ्याकडे आहे. गळ्यात घालायची हिंमत मला कधी झाली नाही.