मूठभर मीठ

बाबा जूचंद्रच्या मिठागरावर मजुरी करायचे. हंगाम संपला की घरात एक वेळच चूल पेटायची, म्हणून आईने मला सातवीत वसतिगृहात ठेवलं. तिथे स्वयंपाकाची पहिली पाळी आली. घरी खडं मीठ आम्ही मुठीनेच घालतो, तसं मी तिथलं बारीक मीठही मूठभर डाळीत टाकलं.

"मिठागरवाली, समुद्र उकळलास काय गं!" मुली ओरडल्या. शेजारच्या खाटेवरची मुलगी मात्र वाटीभर डाळ प्यायली, वर तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला तर आवडली." तेव्हापासून आम्ही मैत्रिणी.

दहावीत तिला कावीळ झाली आणि ती गेली. शिक्षण पुरे, असं ठरवून मी ट्रंक भरली. तिचं सामान न्यायला आलेल्या तिच्या आईने मला दारातच अडवलं. "दोघी पास होणार म्हणाली होती. एकीने तरी व्हावं."

मी ट्रंक परत खाटेखाली सरकवली.

बी.कॉम.चा निकाल घेऊन मी आधी तिच्या आईकडे, काकींकडेच गेले. त्यांची डाळ गॅसवर उकळत होती. "मीठ तू घाल," त्या हसून म्हणाल्या. मी चिमटीने घातलं.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.