कुठला पार्क, वहिनी?

रोहिणी आमच्या घाटनांदूरची आशा सेविका. मी तिची गटप्रवर्तक, म्हणजे तिच्या कामाचे कागद माझ्याकडं येतात आणि तिच्या तक्रारीही. नऊ वर्षं आम्ही सोबत काम करतो. एकदा बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात एका माणसाला फिट आली. लोक कांदा आणा, चप्पल हुंगवा म्हणून ओरडत होते. रोहिणीनं सगळ्यांना मागं सारलं, त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली पिशवी ठेवली आणि घड्याळाकडं बघत बसली. तो शुद्धीवर आल्यावर त्याच्या बायकोला तिनं समजावलं, "हा आजार हाय. गोळ्यांनी थांबतो. ह्यात लपवायसारखं काही न्हाई." मी तिथंच उभी होते. तिच्या स्वतःच्या पोरीला तोच आजार आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कळलं ते ती दुबईहून परत आल्यावर, तिच्याच तोंडून.

पोरगी, संस्कृती, अकरा वर्षांची असताना सकाळी दात घासता घासता नळाजवळ पडली. दुसऱ्यांदा महिनाभरानं, रिक्षात. अंबाजोगाईच्या दवाखान्यात सगळे ओळखीचे, म्हणून रोहिणीनं तिला लातूरला नेलं. डॉक्टरांनी गोळी दिली, सकाळी आठला एक, संध्याकाळी आठला एक. ती गोळी घरात व्हिटॅमिनच्या डबीत राहायची. रोहिणीचा नवरा सोमेश्वर, त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. तो तेव्हा या विषयावर एकदाच बोलला. "कुणापुढं काढायचं न्हाई. पोरीची जात हाय. उद्या सोयरीक जुळवायला गेलो तर लोक काय म्हनतील?" रोहिणीला हे पटलं नव्हतं. पण ती भांडलीही नाही. पुढं चौदा महिने फिट आली नाही, आणि न बोलण्याची घरात सवय झाली.

सोमेश्वरचा धाकटा भाऊ परमेश्वर दुबईत एका गोदामावर सुपरवायझर आहे. बायको वर्षाराणी आणि दोन लहान लेकरं तिकडंच असतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीसाठी त्यानं हौसेनं थोरल्या भावाच्या घरच्या तिघांची तिकिटं काढली. पासपोर्ट आले, व्हिसा आला. मग एका संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"आता एवढं सांगा, कुठला पार्क, वहिनी? मला रविवारची एकच सुट्टी हाय. एक पार्क हाय छताखाली, मोठाले पाळणे, झपाझप पळनाऱ्या गाड्या. दुसरा समुद्राच्या कडंला, सगळा पान्याचा. दोनी एका दिवशी व्हत न्हाईत. तिकीट आधी काढावं लागतंय."

"भाऊजी, तुमीच ठरवा की."

"आमच्या पोरांनी दोनी बघितलेत. ठरवायचं पाहुण्यांनी."

संस्कृती मागून ओरडली, "छताखालचा! काका, छताखालचा!" तिनं त्या पार्कचे व्हिडिओ पाहिले होते. एक गाडी अंधाऱ्या बोगद्यात घुसते, आत दिवे चकचक करतात आणि गाडी एकदम खाली कोसळते. चकचकणाऱ्या दिव्यांनी काहींना फिट येऊ शकते, हे रोहिणीला प्रशिक्षणात सांगितलं होतं.

"पान्याचा बरा," ती पटकन म्हणाली.

फोन ठेवला आणि तिला आठवलं, पाण्यात तर त्याहून वाईट. पाण्यात फिट आली तर आवाजसुद्धा होत नाही. हजार माणसांच्या गलक्यात पोर बुडाली तर कळणार कुणाला? दुसऱ्या दिवशी तिनं वर्षाराणीला फोन केला, "छताखालचाच घ्या." मग दुपारी मोबाईलवर त्या पार्कचे नियम उघडले. इंग्रजी होतं, पण शब्द ओळखीचे होते. एकेका पाळण्याखाली यादी होती: गरोदर बायका, हृदयाचे रोगी, पाठीचं दुखणं असलेले, फिट येणारे, यांनी बसू नये. तिनं पाण्याच्या पार्कचे नियम उघडले. तिथंही तीच ओळ. दोन्ही पार्क आपापल्या जाहिरातीत म्हणत होते की सगळ्या कुटुंबानं इथंच यावं.

तिनं परत फोन केला. "वर्षा, पान्याचंच बघ बाई."

तिसऱ्या फोनला वर्षाराणी तुटक बोलली. "ताई, तुमाला यायचंच जड वाटतंय का? तसं आसंल तर सांगा. ह्यांनी लई हौसेनं केलंय सगळं."

रोहिणी म्हणाली, "न्हाई गं, तसं कावून म्हनतीस?" आणि डोळे पुसले.

ती एकटीच लातूरला गेली. सगळ्या पाळण्यांची नावं तिनं कागदावर लिहून नेली होती. डॉक्टरांनी कागद वाचला, दिव्यांच्या आणि जोराच्या पाळण्यांवर फुल्या मारल्या. झोप पूर्ण झाली पाहिजे, गोळी चुकता कामा नये, पाण्यात जायचं असेल तर हाताच्या अंतरावर कळतं माणूस हवं, असं सांगितलं. परदेशात गोळ्या नेताना अडवू नये म्हणून आजाराचं नाव घालून चिठ्ठी दिली. मग विचारलं, "सोबत कोण कोण आहे?"

"दीर, जाऊ, त्यांची लेकरं."

"त्यांना माहीत आहे ना?"

रोहिणीनं कागदाची घडी घातली.

"मग पार्क कोणता ते मला विचारून उपयोग नाही, ताई," डॉक्टर म्हणाले. "ज्यांना माहीत नाही अशा माणसांसोबत कुठलाच पार्क चांगला नाही."

घरी येऊन तिनं हे सोमेश्वरला सांगितलं. तो दुकानाच्या पावत्या लावत होता. मान वर न करता म्हणाला, "चौदा महिने झाले. काही व्हत न्हाई. तू हात धरून ऱ्हा तिचा." शेवटी छताखालचा पार्क ठरला. निदान तिथं पायाखाली जमीन होती.

विमान हैदराबादहून होतं. पोरीची झोप मोडू नये म्हणून रोहिणीनं हट्टानं एक दिवस आधीची रेल्वे धरायला लावली आणि हैदराबादला लॉजवर मुक्काम केला. सोमेश्वर कुरकुरला. विमानतळावर तपासणीच्या वेळी ती चिठ्ठी छातीशी धरून उभी होती. कुणी मागितलीच नाही. दुबईत उतरल्यावर तिनं आधी मोबाईलच्या घड्याळाचा हिशेब मांडला. इथं दीड तास मागं, म्हणजे आपले आठ वाजतात तेव्हा इथं साडेसहा. साडेसहाला वर्षाराणीच्या स्वयंपाकघरात ती पोरीला डोळ्यानं खुणावायची. पोरगी गुपचूप आत जाऊन गोळी घ्यायची. चार दिवस असे गेले. तो उंच बुर्ज खलिफा बघितला, बाजार बघितला. रोहिणीला त्यातलं फारसं आठवत नाही. पोरगी न्हाणीघरात गेली की ती दारापाशी घुटमळायची आणि पाण्याचा आवाज ऐकत राहायची, एवढं आठवतं.

रविवारी ते पार्कात गेले. आत शिरल्या शिरल्या गाण्यांचा ढणढणाट, डोक्यावरून जाणारे रूळ, त्यावरून किंचाळत जाणारी माणसं. संस्कृतीचा चेहरा उजळून निघाला होता. रोहिणीच्या पर्समध्ये फुल्यांचा कागद होता. तिनं मनाशी ठरवलं होतं, मोठ्या पाळण्यापाशी आलो की आपल्याला चक्कर येते म्हणायचं आणि पोरीला सोबतीला ठेवून घ्यायचं.

पण परमेश्वर पुतणीचा हात धरून सगळ्यांच्या पुढं गेला होता. त्याच बोगद्याच्या गाडीच्या रांगेत तो उभा राहिला.

"भाऊजी, मला गरगरतंय. संस्कृतीला माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

"काय वहिनी! इथवर येऊन भेताव व्हय? दादा, तू बस वहिनीपाशी. चल गं संस्कृती."

रोहिणीनं नवऱ्याकडं पाहिलं. सोमेश्वर दुसरीकडं बघत होता. रांग वळणावळणाची होती, आणि ती सरकत होती. रोहिणी दोरीखालून आत शिरली, माणसांना ढकलत पुढं गेली. कुणीतरी तिला रागानं काहीतरी बोललं. पुढं दाराच्या आतून दिव्यांची उघडझाप दिसत होती. आणखी दहा माणसं. आठ. ओरडावं तर काय ओरडावं? दिराच्या देखत, परक्या देशात?

दाराशी एक मुलगी गणवेश घालून उभी होती. बहुधा फिलिपिन्सकडची असावी. तिच्या बाजूला मोठा फलक होता, त्यावर चित्रं आणि शब्द. संस्कृती फलकापाशी थांबली. तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. शाळेत धडा वाचताना ठेवते तसं बोट एकेका ओळीवर ठेवत गेली. एका ओळीवर बोट थांबलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीतला आजाराचा शब्द तिथं होता. तिनं त्या मुलीकडं बघितलं आणि म्हणाली, "धिस. आय हॅव धिस."

गणवेशातली मुलगी तिच्याशी दोन वाक्यं बोलली, हसली, आणि बाजूचं छोटं फाटक उघडून तिला बाहेर घेतलं. परमेश्वरला काहीच कळलं नाही. "काय झालं गं? उंची कमी पडली का?" तो तिच्या मागोमाग बाहेर आला. रोहिणीही आली.

"काका, मला फिटा येतात," संस्कृती म्हणाली. "गोळ्या चालू हायेत. पर ह्याच्यात बसायचं न्हाई."

एका बाकड्यावर सगळे बसले. वर्षाराणी लेकरांना घेऊन आली, तिला परमेश्वरनं सांगितलं. रोहिणीला वाटलं, आता ही आपली लेकरं बाजूला ओढून घेईल. वर्षाराणी बोलली तेव्हा तिचा आवाज रागानं फाटला होता.

"ताई, चार दिस पोरगी माझ्या घरात हाय. आतून कडी लावून अंघोळ करती. काल मी तिला माझ्या बारक्याला घेऊन स्विमिंग पूलच्या कडंला बसवलं आन् वर दूध तापवायला गेलते. एकटी बसवलं तिला, ताई! तिला काही झालं आसतं तर मी काय तोंड दाखवलं आसतं? आमी परके हावोत का?"

रोहिणीला पूलची गोष्ट माहीतच नव्हती. तिनं पदर तोंडावर घेतला.

"तिला बोलू नको," सोमेश्वर म्हणाला. इतक्या वेळात तो पहिल्यांदाच बोलत होता. "मी सांगू दिलं न्हाई."

परमेश्वरनं भावाकडं बघितलं, मग उठून गेला. पाण्याच्या बाटल्या घेऊन आला आणि सगळ्यांच्या हातात एकेक दिली. रोहिणीनं पर्समधून डॉक्टरांच्या फुल्यांचा कागद काढला होता, तो बघून त्यानं हात पसरला. "तो कागद द्या, वहिनी. कशात बसायचं, कशात न्हाई, मी बघतो."

त्या दिवशी संस्कृती पाच पाळण्यांत बसली. प्रत्येक वेळी तिनं स्वतः फलक वाचला आणि काकानं कागदाशी ताडून बघितला. एका संथ होडीत वर्षाराणी तिच्या शेजारी बसली होती, पोरीचं मनगट घट्ट धरून. अजून तिचा राग गेला नव्हता. परत येताना गाडीत ती रोहिणीशी बोललीही नाही. पण उतरताना विचारलं, "फिट आली तर आधी काय करायचं आसतं? नीट सांगा मला." रोहिणीनं घरात गालिच्यावर परमेश्वरला आडवा पाडून दाखवलं, कुशीवर कसं वळवायचं ते. लेकरं हसायला लागली.

परत आल्यावर गोष्टी सोप्या झाल्या असं नाही. बातमी फोनवरून घरी त्यांच्याआधी पोचली होती. सासूबाईंनी एका बाबाचा अंगारा आणून ठेवला होता. रोहिणीनं तो नाकारला म्हणून घरात आठ दिवस अबोला होता. तळावाडा गल्लीतल्या एका बाईनं आपल्या पोरीला संस्कृतीसोबत शिकवणीला पाठवणं बंद केलं. सोमेश्वर महिनाभर बायकोशी कामापुरतंच बोलत होता.

मग एका सोमवारी तो दुकान न उघडता शाळेत गेला. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापक माझ्या ओळखीचे, त्यांनीच मला हे सांगितलं. सोमेश्वर खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि बराच वेळ पिकापाण्याचं बोलत राहिला. सरांना वाटलं, देणगीचं काही काम असेल. शेवटी म्हणाला, "सर, माझ्या पोरीला फिटा येतेत. वर्गात झालं तर तिच्या तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आन् मला फोन करा." सरांनी विचारलं, नंबर आहे का तुमचा. तो म्हणाला, हाय, पर लिहून घ्या, आन् तिच्या आईचाबी घ्या.

फाल्गुनात, पेपर पंधरा दिवसांवर आले असताना, संस्कृतीला वर्गात फिट आली. दोन मिनिटं चालली. बाईंनी वळवलं, पोरांना बाहेर काढलं, फोन केला. रोहिणी तेव्हा माझ्यासोबत लसीकरणाच्या सत्रावर होती. फोन आला तशी ती हातातलं काम टाकून उठली. मी गाडी काढली. आम्ही पोचलो तेव्हा पोरगी खुर्चीत बसली होती, केस विसकटलेले, आणि शेजारी तिची मैत्रीण डबा उघडून बसली होती. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला.

रोहिणी अजूनही फोन वाजला की दचकते. ते जाणार नाही, असं ती म्हणते. परमेश्वरनं पुढच्या दिवाळीला परत बोलावलं आहे. संस्कृतीला या वेळी पाण्याचा पार्क बघायचाय, आणि रोहिणीनं अजून हो म्हटलेलं नाही.