काचेवरची वाफ
तंबाखूचा वास आला की मला ती थंडीतली सकाळ आठवते. तापानं निपचित पडलेल्या तान्ह्या लेकीला घेऊन सासूबाई आणि मी भाड्याच्या मोटारीनं परभणीच्या दवाखान्यात चाललो होतो. तिचं तोंड मी दाराच्या काचेजवळ धरलं होतं. तिथं तिच्या श्वासाची रुपयाएवढी वाफ धरायची, ती बघूनच मला धीर यायचा. "मावशी, बाजूचं काय बी दिसंना. काचंला तंबाखू चोळा, वाफ धरत न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. सासूबाईंनी ओली तंबाखू चोळली. काच लख्ख झाली, आणि लेकीचा श्वास चालू आहे का तेच कळेना. तेवढ्यात लेक शिंकली. आता तिच्या मोटारीत बटण दाबलं की वाफ जाते. काच साफ झाली की मी आधी तिच्याकडे बघते.