सहा पाकळ्यांचा उजेड

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर शरणप्पांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक काचेचं कपाट, एक टेबल आणि टेबलामागे अडुसष्ट वर्षांचे शरणप्पा. सेल बदलायला गिऱ्हाईक येतंच, पण शरणप्पांचा जीव चावीच्या घड्याळात. त्यातली केसाएवढी बारीक स्प्रिंग सरळ करणारा माणूस आसपासच्या चार तालुक्यांत दुसरा नाही, असं ते स्वतःच सांगतात आणि कुणी ते खोडून काढत नाही. ती स्प्रिंग ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवशी हे काम सोडायचं, असंही त्यांनी बायकोला, महानंदाबाईंना, कितीदा तरी ऐकवलं होतं.

गेल्या हिवाळ्यापासून स्प्रिंगची वेटोळी एकमेकांत मिसळू लागली. शरणप्पांनी दोष दिला उजेडाला. समोर नवं कॉम्प्लेक्स उभं राहून सकाळचा उजेड अडला होता, त्यामुळे तक्रार अगदीच खोटी नव्हती. आधी ट्यूबलाइट बदलली, तर त्यांच्याच डोक्याची सावली कामावर पडायची. मग पांढऱ्याफटक बल्बचा टेबल लॅम्प आणला. तो पितळेवर असा चकाकायचा की स्प्रिंग कुठली आणि चमक कुठली, तेच कळेना. या सगळ्या खटाटोपात किशनराव मास्तरांच्या वडिलांचं घड्याळ दोनदा जोडून दोनदा बंद पडलं. मास्तर भला माणूस. "राहू द्या शरणप्पा, घाई न्हाई," म्हणाले. ते शब्द शरणप्पांना मास्तरांच्या रागावण्याहून जास्त लागले.

तरी त्या वर्षी शरणप्पा सुखात होते, आणि याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

रोज पहाटे अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून ते गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत. खांद्यामागे समई. काळ्याभोर लिंगावर समईच्या ज्योतीचा एक ठिपका उमटे आणि त्या ठिपक्याकडे बघत बसायचं, ही दीक्षा घेतल्यापासूनची रीत. पन्नास वर्षं तो ठिपका ठिपकाच राहिला. आणि गेल्या वर्षी एका सकाळी तो उमलला. मोहरीएवढ्या उजेडाला सहा पाकळ्या फुटल्या, पाकळ्यांच्या कडांना हलका निळा-तांबूस रंग आला. शरणप्पांना हुंदका आला. असं काही दिसलं तर बोलू नये, बोललं की जातं, असं त्यांनी मठात ऐकलं होतं. म्हणून ते गप्प राहिले. पण दिवसभर ते फूल सोबत असल्यासारखं वाटे. गिऱ्हाईकावर खेकसणं थांबलं. एसटीच्या भोंग्यांतही ते शांत बसून राहत, जणू दुकान हळूहळू पाण्यावरून चाललंय. महानंदाबाईंना वाटलं, वयानं माणूस निवला.

दुकानातल्या उजेडासाठी शेवटी ते लातूरला, गंजगोलाईच्या बाजारात गेले. दिव्यांच्या दुकानातला रेवणसिद्ध जाणता होता. "काका, तुमाला उजेड जास्त नकोय, नीट पडलेली सावली पायजे," तो म्हणाला. "दिवा डाव्या अंगाला, खाली, आन् तोंडाला दुधी काच. रंग ना पिवळा, ना निळा. मग स्प्रिंगचा एकेक वेढा आपल्या सावलीसकट दिसतो का न्हाई बघा."

शरणप्पांना हा माणूस एकदम पटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लवचीक मानेचा तो दिवा टेबलाला अडकवला आणि मास्तरांचं घड्याळ उघडलं. उजेड सुरेख पडला होता. पितळ चकाकत नव्हतं, सावल्या मऊ होत्या. फक्त स्प्रिंग तशीच धूसर होती. दुधी काच काढून पाहावी म्हणून त्यांनी ती उचलली आणि नुसत्या बल्बकडे नजर गेली.

बल्बभोवती सहा पाकळ्या होत्या. कडा निळ्या-तांबूस.

घड्याळजीची खोड अशी की दोष शोधताना एकेक भाग बाजूला काढून बघायचा. शरणप्पांचा उजवा, भिंग लावायचा डोळा आपोआप मिटला. फूल गेलं. उघडला, फूल आलं. त्यांनी दिवा बंद केला.

दुसऱ्या पहाटे त्यांनी लिंग तळहातावर घेतलं. फूल उमललं, नेहमीसारखंच, कदाचित जरा जास्तच सुंदर. देवाची परीक्षा घेतोय की आपली, हे त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी उजवा डोळा मिटला. काळ्या लिंगावर मोहरीएवढा ठिपका तेवढा उरला.

चहा पुढे ठेवताना महानंदाबाईंनी त्यांचं तोंड पाहिलं. "काय झालं?"

शरणप्पांनी सगळं सांगितलं. "मोतीबिंदू हाय, दुसरं काय. वर्षभर मी त्याला देव समजून राहिलो."

महानंदाबाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या खाली बसल्या. "मला बी दिसायचं," त्या म्हणाल्या. "तीन वर्सांखाली माझं ऑपरेशन झालं, त्याच्या आधी. देवघरातल्या समईला पाकळ्या. तुमाला सांगितलं न्हाई, हसला असता."

"मग? नंतर गेलं?"

"गेलं. पट्टी काढली त्या सकाळी तुमी चहा घिऊन आलता. मला तुमचं तोंड दिसलं. लई म्हातारे झालता वो. मला रडू आलं, तर तुमाला वाटलं डोळा दुखायलाय."

शरणप्पांना ती सकाळ आठवत होती. नर्सला बोलवायला ते जिन्यावरून धावत गेले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. गेलं वर्षभर तिच्या चेहऱ्याच्या कडाही मऊ, धुक्यातल्यासारख्या होत्या, आणि हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुजं तोंड मला बी नीट बघायचंय," ते म्हणाले. "त्या दवाखान्याला आज फोन लाव."