दोन कळांमधली उसंत

लेकीच्या हाताला लावलेल्या सलाईनचे थेंब फारच सावकाश पडत होते. तारीख उलटून गेली तरी कळा येईनात, म्हणून डॉक्टरांनी सकाळी त्यात कळांचं औषध घातलं होतं. आमच्या ह्यांच्या आजारपणात सलाईन रेंगाळलं की मी नळीवरचं चाक जरा फिरवायचे. सवयीने आताही फिरवलं.

थोड्याच वेळात तिचं पोट दगडासारखं झालं. एक कळ ओसरायच्या आत दुसरी आली.

"आई, ही सोडतच नाहीये गं!"

सिस्टर धावत आल्या. त्यांनी नळी आधी बंद केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, तुम्ही हात लावलात? अहो, दोन कळांच्या मधेच तर बाळाला श्वास मिळतो."

माझ्या बाळंतपणात कळा आपणहून आल्या होत्या. मधली उसंत मला तेव्हा नुसता खोळंबा वाटायची. पुढेही आयुष्यभर मी गॅस मोठा करत आले, लेकीला 'आवर लवकर' म्हणत आले. त्या उसंतीत कुणी श्वास घेत असतं, हे मला कधी सुचलंच नाही.

सिस्टर पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. नुसती खरखर. मग एकदाचे ठोके लागले.

"आहेत," त्या म्हणाल्या. "पण मंद आहेत. डॉक्टरांना बोलावते."

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मीच हट्टाने तिला आणलं होतं. आता दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले आहे. सगळं नीट झालं, तर बाळ आधी याच हातांत देतील.