मेडिकलच्या आधी जर्सी

योनासची मेडिकल अजून झालीच नव्हती, अन् मी त्याले खारवाल्यायची जर्सी घालून मोकळा झालो होतो.

हे मले समजलं दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी. शेलूबाजारच्या हायवेवर उभा राहून आलुबोंडा खाऊन राह्यलो होतो. फोन वाजला. केतकी मॅडम.

"सुमेध, क्लिप काढ."

"कोणती मॅडम?"

"योनासची. आत्ता काढ, नंतर बोलू."

"लय चालून राह्यली ना मॅडम. चाळीस मिनिटांत..."

"म्हणूनच काढ."

केतकी मॅडम आमच्या पुण्याच्या बॉस. मी दुनियेची नक्कल करतो, त्यायचीबी करतो. पण त्या दिवशी त्यायचा आवाज इतका सपाट होता, की नक्कल करायले पकडावं असं त्यात काहीच नव्हतं. मी तेलकट बोटांनं क्लिप काढली. उरलेला आलुबोंडा हातातच थंड झाला.

मी कोण, हे आधी सांगतो. गाव आसेगाव, शाळा मंगरूळपीर. शाळेत असतानी एकदा माइकवर हेडसरच्या आवाजात "आज अर्धी सुट्टी" म्हणलं, अन् सहावीचा अख्खा वर्ग दफ्तर घेऊन घरी गेला. मार खाल्ला, पण आपल्या गळ्यात काय माल हाय ते समजलं. आता त्याच गळ्यावर पगार घेतो. पुण्याची एक कंपनी इंग्लंडच्या एका फुटबॉल क्लबसाठी इकडच्या भाषांत व्हिडिओ करते. हिंदी, मराठी होतंच. मंग कोणाच्या तरी डोक्यात आलं, वऱ्हाडीत करून पाहू. सहा महिन्यांची ट्रायल. चाललं तर पक्कं, नाहीतर बंद. या गोष्टीच्या वेळी पाचवा महिना चालू होता.

क्लबचं नाव करारामुळं लिहीत नाही. त्यायच्या बिल्ल्यावर खार हाय, म्हणून आमचे श्रोते त्यायले खारवाले म्हणतात. माझा स्टुडिओ म्हणजे शेलूबाजारात बियाण्याच्या दुकानावरची एक खोली. भिंतीले गाद्या टांगल्या हायेत. ट्रकनं हॉर्न मारला की रेकॉर्डिंग थांबवायचं, गेला की पुन्हा चालू. शोमधे मी सगळे आवाज काढतो. मॅनेजर, एजंट, पंच, स्टेडियमात मागच्या रांगेत बसून शिव्या देणारा म्हातारा. तिकडं मॅनेजर म्हणजे संघाचा मुख्य कोचच. कोण खेळीन, कोण बाहेर बसीन, हे तो ठरवते. माझा मॅनेजर वऱ्हाडीत बोलते. "राजेहो, पोट्टे पयतच नाहीत, मी काय करू!" हे न पळणाऱ्या पोरायचं वाक्य वाशीमच्या कॉलेजात पोरं एकमेकांले म्हणतात, असं ऐकलं. खरं असंल तर बरं वाटीन.

आता क्लबची हालत. त्यायच्या लीगमधे सीझनच्या शेवटी जे तीन संघ तळाशी राहतात, ते खालच्या लीगमधे जातात. याले रेलिगेशन म्हणतात. आपल्या भाषेत, वर्गातून एक वर्ग खाली बसवणं. खारवाले जानेवारीत खालून चौथे होते. गोल करणारे दोन. एकाचा मांडीचा स्नायू फाटला. दुसरा वयानं इतका पुढं, की गोल झाल्यावर पळत जाऊन आनंद करायचंबी टाळायचा. स्क्वॉड, म्हणजे खेळाडूंची यादी, तशी लांब होती, पण पुढं खेळायले माणूस नाही. म्हणून डेन्मार्कच्या एका क्लबचा योनास नावाचा स्ट्रायकर पाह्यला. आमच्या श्रोत्यांनं पहिल्याच दिवशी त्याचा जनाभाऊ करून टाकला.

खेळाडू कधीबी घेता येत नाही. वर्षातून दोनदा काही आठवडे मोकळे असतात, त्यायले ट्रान्सफर विंडो म्हणतात. घेण्याचा क्रम ठरलेला हाय. आधी दोन क्लब आपसात फी ठरवतात. मंग खेळाडूशी बोलणं. मंग मेडिकल, म्हणजे डोक्यापासून घोट्यापर्यंत तपासणी. मंग सह्या, मंग लीगकडं कागद. अन् सगळ्यात शेवटी जाहीर करणं. हा क्रम मले पाठ होता. ट्रेनिंगमधे एक अख्खी स्लाइड होती त्याच्यावर.

आदल्या संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर मेसेज आला. योनासची फी ठरली, मेडिकल उद्या. खाली कंसात लिहिलं होतं, अजून बाहेर सांगू नका.

मी कंस वाचलाच नाही असं म्हणत नाही. वाचला. पण माझ्या डोक्यात सौदा झाला होता. काहून, ते सांगतो.

माझा मामा गुरांच्या बाजारात दलाल हाय. लहानपणी सुट्टी लागली की मी त्याच्यामागं बाजारात. तिथं गिऱ्हाईक आधी बैलाचे दात पाह्यते, वय समजते. खूर पाह्यते, खांद्यावर हात फिरवते, चालवून पाह्यते, जुंपूनबी पाह्यते. हे सगळं झाल्यावर मामा हातावर दुपट्टा टाकते. त्याच्याखाली दोघांच्या बोटाबोटांनं भाव ठरते, बाजूच्याले पत्ता नाही लागत. हात दुपट्ट्याबाहेर आला की विषय संपला. बैलाच्या कपाळावर गुलाल. त्याच्यानंतर कोणी "जरा दात पाहू द्या" म्हणलं, तर बाजार हसते.

म्हणजे आमच्याकडं तपासणी आधी, भाव मागून. तिकडं भाव आधी, तपासणी मागून. स्लाइड पाठ होती, पण अंगात बाजार होता. भाव ठरला म्हणजे पाहणं-बिहणं होऊन गेलं, मेडिकल म्हणजे नुसता डॉक्टरच्या सहीचा कागद, असं मी धरून चाललो. ट्रायलच्या पहिल्याच आठवड्यात मी शोमधे खेळाडूची तुलना बैलाशी केली होती. तवा मॅडमनं झापलं होतं. "माणूस आहे तो, सुमेध. पुन्हा नको." पुन्हा कधी केली नाही. तोंडातून बैल गेला, डोक्यातून गेला नाही.

म्हणून सकाळी रेकॉर्ड केलं. मॅनेजरच्या आवाजात. "राजेहो, घ्या! योनास आपला झाला. म्या सोता जर्सी घालून देल्ली त्याले!" मागं ढोल टाकला. आधी दाखवून मंग टाकायचं असा नियम होता, पण पाच महिन्यांत मॅडमनं एकबी शब्द कापला नव्हता. म्हणून मी हळूहळू आधी टाकून मंग दाखवायले लागलो होतो. पावणेदोनच्या आधीच टाकून मोकळा.

क्लिप काढेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. आमच्या इकडचंच एक पोट्टं इंग्लंडात शिकते. त्यानं मोठ्या कौतुकानं क्लिपले इंग्रजी सबटायटल लावले, अन् तिथल्या फॅन लोकायच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, क्लबच्या अधिकृत चॅनलवर मॅनेजरनं कबूल केलं. तिकडं सकाळचे नऊबी वाजले नव्हते, अन् पत्रकारांचे फोन क्लबले सुरू.

साडेतीनले व्हिडिओ कॉल. क्लबचे मीडियावाले मार्टिन साहेब, मॅडम, अन् मी. मागं गाद्या.

मार्टिन साहेबांनं इंग्रजीत विचारलं, "हे आमचे मॅनेजर कधी बोलले?"

मी घाबरलो की माझ्या तोंडातून दुसऱ्याचेच आवाज निघतात. सहावीपासूनची खोड हाय. मी "सॉरी सर" म्हणायले गेलो, अन् ते त्यायच्या मॅनेजरच्याच आवाजात निघालं. हुबेहूब. मॅडमनं डोळे मिटले. मार्टिन साहेब हसले नाही.

"चांगला आवाज आहे," ते म्हणाले. "अडचण तीच आहे."

मंग त्यायनं खरी गोष्ट सांगितली. योनासच्या गुडघ्याची जुनी दुखापत होती. मेडिकल नुकती सुरू झाली, तर डॉक्टरले शंका आली. उद्या सकाळी दुसरा स्कॅन. तो खराब निघाला तर सौदा रद्द.

"रद्द झाला तर लोक म्हणतील, क्लबचा मॅनेजर खोटं बोलला. मग हा वऱ्हाडी शो आम्हाला ठेवता येणार नाही. उद्यापर्यंत काहीही टाकायचं नाही."

कॉल संपला. मॅडम एकट्या लाइनवर राहिल्या.

"तू मला आधी का नाही दाखवलंस?"

"तुमी कापत नव्हत्या ना मॅडम."

"कापण्यासारखं काही नव्हतं म्हणून नव्हते कापत." मंग म्हणाल्या, "त्या शोसाठी मी भांडले होते, सुमेध."

त्यायनं कॉल कट केला.

खोलीत बसवेना. मामाकडं गेलो. मामा अंगणात चहा पिऊन राह्यला होता. सगळं सांगितलं. मामाले फुटबॉलचं काही नाही, पण सौदा म्हणलं की कान उभे.

"म्हंजे भाव आधी ठरते? अन् पाह्यतेत मंग?"

"हाव."

"उलटेच लोक हायेत बाप्पा. काहून असं?"

"मामा, तो दुसऱ्याच्या टीमचा माणूस हाय. रोज खेळून राह्यला तिकडं. भाव ठरल्याबिगर आपला डॉक्टर त्याच्या गुडघ्याले हात कसा लावीन? अन् खोट निघाली अन् सौदाबी नाही झाला, तर सगयीकडं बोभाटा. त्याची जिंदगी खराब."

बोलता बोलता मलेच पटलं. ती स्लाइड मले पाच महिन्यांनी समजली.

मामानं कप खाली ठेवला. "मंग भाव ठरूनबी नाही म्हनता येते त्यायले?"

"येते ना."

"अन् तू गुलाल टाकून बसला."

"हाव."

"सुम्या, लेका, बाजारात असं कोनी केलं ना, तर तो दलाल दुसऱ्या दिवशी सोता येऊन चार लोकात सांगते, चूक माही होती. दोन्ही पार्ट्यायचं नाव निघू देत नाही. नाही सांगतलं तर मंग त्याच्या दुपट्ट्याखाली कोनी हात घालत नाही."

सकाळी नऊ वाजता मॅडमले फोन केला. म्हणलं, शो नाही टाकत, पण चूक सांगणारा एक मिनिटाचा ऑडिओ करू द्या. टाकायचं का नाही, ते मार्टिन साहेब ठरवतील. मॅडम म्हणाल्या, "आधी मला पाठव." मी म्हणलं, "आधीच पाठवतो."

अकरा वेळा रेकॉर्ड केलं. चार वेळा ट्रक आला. बाकीच्या सहा वेळा मधातच मॅनेजर नाहीतर म्हातारा घुसला. अकराव्या वेळी नीट झालं. "मी सुमेध. काल जे ऐकलं ते मॅनेजर बोलले नव्हते, मी बोललो होतो. योनासची फी ठरली, एवढं खरं हाय. तो आला, हे मी माझ्या मनानं जोडलं. मेडिकल म्हणजे नावापुरता कागद नसते. त्याच्यात खेळाडू नापास होऊ शकते, अन् क्लब नाही म्हणू शकते. चूक माझी. क्लबची नाही, मॅनेजरची नाही, योनासची तर नाहीच नाही."

मॅडमनं ऐकलं. मंग म्हणाल्या, "तुझा स्वतःचा आवाज असा आहे होय?"

"बेकार हाय का?"

"नाही. पहिल्यांदा ऐकला."

त्यायनं इंग्रजी करून तिकडं पाठवला. दोन वाजता उत्तर आलं. एकच शब्द, टाका. टाकला. कॉमेंटा धडाधड. "जनाभाऊले परत पाठवलं का बे?" "सुमेधभाऊचीच मेडिकल करा." एकानं लिहिलं, "चुकला, पण सांगतलं तरी." ती मी दोनदा वाचली.

पण ऑडिओनं गुडघा बरा होत नाही. स्कॅनचं काही समजेना. तीन वाजले, चार वाजले. मी खोलीतल्या खोलीत चालून राह्यलो, तर खालून बियाण्यावाले काका ओरडले, "अबे, वर मोर्चा काढला का?"

पाचले दहा कमी होते तवा मॅडमचा फोन आला. उचलावं का नाही, हेच समजेना.

"स्कॅन क्लिअर आहे. सही झाली."

मी खालीच बसलो. गादीले पाठ लावून. मॅडम हॅलो हॅलो करून राहिल्या, तवा मी "थँक्यू मॅडम" म्हणलं. माझ्याच आवाजात. मंग त्या हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"मार्टिननं ऑडिओ त्यांच्या मॅनेजरला ऐकवला म्हणे. आणि कालची क्लिपही."

"मंग?"

"त्यांना विचारायचंय, ते खरंच असे ओरडतात का."

शो वाचला. महिन्याभरानं ट्रायल संपली अन् पक्काबी झाला. पण फुकट नाही. तीन अटी त्याच दिवशी आल्या. जो खेळाडू अजून क्लबचा नाही, त्याच्याबद्दल मॅनेजरच्या आवाजात एक शब्द नाही. दर स्क्रिप्ट आधी मॅडमकडं. अन् क्लबनं स्वतः पोस्ट टाकल्याबिगर कोणाचं येणं नाही, कोणाचं जाणं नाही. मी तिन्हीवर सही केली. मेडिकलबी आनंदानं देल्ली असती.

स्कॅन क्लिअर झाला त्याच संध्याकाळी क्लबची पोस्ट आली. योनास, हातात जर्सी. मी पोस्ट दोनदा वाचली. स्क्रीनशॉट मॅडमले पाठवला. त्यायचं "हो" आलं. मंग रेकॉर्ड केलं, ते पाठवलं, पुन्हा "हो" आलं, तवा टाकलं. या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली. तोपर्यंत वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, सगळीकडं माहीत होऊन चुकलं होतं.

पहिली कॉमेंट आली, "सुमेधभाऊ, तुमी लय लेट सांगता."

मी त्याले लगेच बदाम पाठवला. लेट सांगतल्यानं आजपर्यंत कोणाची नोकरी गेली नाही.